खोल समुद्रातील अल्पपरिचित स्पंज कसा ओळखावा : विदर्भातील नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला खोल समुद्रातील स्पंज हा विषय फार दूरचा वाटतो. समुद्रकिनारा शेकडो किलोमीटरवर असतो, आणि स्पंज त्याने बहुधा पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत किंवा प्रयोगशाळेच्या कपाटातल्या जुन्या बरणीतच पाहिलेला असतो. हा लेख अशाच विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी लिहिला आहे. समुद्रतळातून आलेला आणि ज्याच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही असा स्पंज समोर आला, तर त्याचा वर्ग, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती कशी ठरवायची, ती रीत येथे क्रमाने सांगितली आहे. प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज असा अर्थ येथे सर्वत्र धरला आहे.

ही रीत शिकायला समुद्र लागत नाही. स्पंज गोड्या पाण्यातही राहतात, आणि पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, गावच्या बोड्या आणि सिंचनाचे जलाशय ही त्यांच्या शोधाची चांगली ठिकाणे आहेत. हेन्री जॉन कार्टर हे मुंबईत लष्करी शल्यचिकित्सक होते. मुंबई बेटावरच्या तलावांतील स्पंजांचे त्यांचे वर्णन १८४९ साली प्रसिद्ध झाले. पुढे इंग्लंडला परतल्यावर, ‘पोर्क्युपाइन’ या जहाजाने अटलांटिक महासागराच्या तळातून काढलेल्या स्पंजांची वर्णनेही १८७०च्या दशकात त्यांनीच लिहिली. तलावावर हात बसवावा आणि मग समुद्राचा नमुना हाती घ्यावा, हा क्रम मी नवशिक्यांना आग्रहाने सुचवतो.

आधी समजून घेण्याची गोष्ट

स्पंजाचा बाहेरचा आकार आणि रंग यांवर जात ठरत नाही. एकाच जातीचा स्पंज वाहत्या पाण्यात चपटा पसरतो, संथ पाण्यात उंच वाढतो आणि अल्कोहोलमध्ये टाकल्यावर रंग सोडतो, तर अगदी वेगवेगळ्या कुलांतले स्पंज दिसायला सारखे असू शकतात. खरा पुरावा त्याच्या शरीरातल्या कंटिकांमध्ये, म्हणजे स्पिक्यूल्समध्ये असतो. या कंटिका सिलिकाच्या, म्हणजे एका प्रकारच्या काचेच्या, किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. शरीराचा सांगाडा उभा करणाऱ्या मोठ्या कंटिकांना महाकंटिका आणि मांसल भागात विखुरलेल्या लहान कंटिकांना सूक्ष्मकंटिका म्हणू. त्यांचे आकार, मापे आणि शरीरातली मांडणी या तीन गोष्टींवर स्पंजांचे जवळजवळ सगळे पारंपरिक वर्गीकरण उभे आहे.

स्पंजांच्या ज्ञात जाती नऊ हजारांहून अधिक आहेत आणि त्या चार वर्गांत विभागल्या जातात. कॅल्केरिया वर्गातल्या स्पंजांच्या कंटिका कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. खोल, थंड पाण्यात हा पदार्थ विरघळत असल्याने तिथे हे स्पंज विरळ आहेत. हेक्झॅक्टिनेलिडा म्हणजे काचस्पंज. त्यांच्या सिलिकाच्या कंटिकांची मूळ घडण परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या तीन अक्षांवर झालेली असते, आणि ते मुख्यतः खोल समुद्राचे रहिवासी आहेत. डेमोस्पाँजिया हा सर्वांत मोठा वर्ग असून ज्ञात जातींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जाती त्यात येतात. तलावातले स्पंजही याच वर्गातले आहेत. होमोस्क्लेरोमॉर्फा हा लहानसा गट पूर्वी डेमोस्पाँजियात धरला जाई, परंतु २०१२ साली त्याला औपचारिकपणे स्वतंत्र वर्गाचा दर्जा देण्यात आला.

पहिली पायरी : तलावातला नमुना

विदर्भात हिवाळा सरून तलावांचे पाणी उतरू लागले की शोधाला चांगला काळ सुरू होतो. पाण्यात उभ्या असलेल्या बेशरमच्या दांड्या, बुडालेल्या झाडांचे बुंधे, पाळीच्या दगडांची खालची बाजू आणि जुने लाकडी खुंट नीट पाहावेत. उजेडात वाढलेला स्पंज त्यात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे हिरवा दिसू शकतो, तर अंधाऱ्या जागी वाढलेला राखाडी किंवा मळकट पिवळसर असतो. हाताला तो खरखरीत लागतो, सहज कुस्करतो आणि त्याला उग्र वास येतो. शैवालाचा थर बुळबुळीत असतो. ब्रायोझोआ या प्राण्यांच्या वसाहती एक तर चिकट, पारदर्शक गोळ्यासारख्या असतात किंवा बारीक फांद्यांच्या नळ्यांच्या. शंका राहिली तर तुकडा घ्यावा आणि निर्णय सूक्ष्मदर्शकावर सोडावा.

मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना आपल्या तलावाचा तळ आपल्यापेक्षा कितीतरी चांगला ठाऊक असतो. कोणत्या खुंटावर जाळे अडकते, कोणत्या कोपऱ्यात दगडांवर खरखरीत थर धरतो आणि कुठे तो अंगाला लागला की खाज सुटते, हे त्यांना विचारावे. तलाव ज्या मत्स्य सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तिच्या पदाधिकाऱ्यांना आधी भेटून आपले काम समजावून सांगावे. नवेगाव-नागझिरासारख्या संरक्षित वनक्षेत्रात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक तुकडाही उचलू नये. वाळलेल्या स्पंजातल्या कंटिका कातडीत रुततात आणि डोळ्यांत गेल्यास इजा करतात. म्हणून हातमोजे घालावेत, वाळका स्पंज तोंडाजवळ कुस्करू नये आणि काम संपेपर्यंत डोळे चोळू नयेत.

संपूर्ण स्पंज खरवडून काढण्याची गरज नसते. अंगठ्याएवढा तुकडा पुरतो, मात्र त्यात वरचा पृष्ठभाग आणि तळाचा, दगडाला चिकटलेला थर हे दोन्ही यायला हवेत. तळाशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आकाराचे गोल, पिवळसर किंवा तपकिरी कण दिसले तर ते मुद्दाम जपावेत. हे जेम्यूल होत. तलाव आटल्यावर स्पंज मरतो, परंतु जेम्यूल कोरड्या उन्हाळ्यात टिकून राहतात आणि पाणी भरल्यावर त्यांतून नवा स्पंज वाढतो. गोड्या पाण्यातल्या स्पंजाची जात पुष्कळदा या जेम्यूलच्या भोवतीच्या कंटिकांवरूनच ठरते. जेम्यूल नसलेला नमुना अनेकदा प्रजातीपर्यंतही नेता येत नाही.

तुकडा काढण्यापूर्वी पाण्यात असतानाचे त्याचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे. वहीत दिनांक, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, पाण्याची खोली, आधार कशाचा होता, जिवंतपणीचा रंग, वास, पृष्ठभागाचा पोत आणि छिद्रांची ठेवण ही नोंद तिथेच, पाळीवर बसून करावी. घरी गेल्यावर आठवणीतून लिहिलेली नोंद मी पुरावा मानत नाही. खोल समुद्राच्या जहाजावरही हीच शिस्त पाळली जाते. तिथे खोलीचे आकडे शेकडो किंवा हजारो मीटरचे असतात, आणि नमुना ड्रेजने, म्हणजे समुद्रतळ खरवडणाऱ्या ओढजाळ्याने, ओढून आणला, ट्रॉल जाळ्यात आला की दूरनियंत्रित पाणबुडीच्या यांत्रिक हाताने उचलला, याचीही नोंद होते.

दुसरी पायरी : जपणूक

नमुना पंचाण्णव टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि स्पंजाच्या शरीरातले पाणी बाहेर येऊन अल्कोहोल पातळ होत असल्याने एका दिवसाने ते बदलावे. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांत सर्वच प्राणी फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्याची सवय आहे, परंतु स्पंजासाठी ती सोडून द्यावी. फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत गेले की चुनखडी कंटिका विरघळतात आणि डीएनएही खराब होतो. जाड कागदाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उष्म्यात सैल झाकणातून अल्कोहोल पाहता पाहता उडून जाते, म्हणून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात आणि उन्हाळाभर अधूनमधून पातळी तपासावी.

तिसरी पायरी : कंटिका वेगळ्या करणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पुढचे सगळे निष्कर्ष इथे तयार होणाऱ्या स्लाइडवर अवलंबून आहेत.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, ज्यात पृष्ठभाग आणि आतला भाग दोन्ही असतील, लहान काचनळीत घ्यावा. त्यावर सुगंध किंवा साबण न मिसळलेले साधे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, तुकडा बुडेल इतके घालावे. मांसल भाग काही वेळात विरघळतो आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजेच कंटिका. आता वरचे द्रव ड्रॉपरने हलकेच काढून शुद्ध पाणी घालावे, गाळ बसू द्यावा आणि हे निदान चार-पाच वेळा करावे. येथे घाई केली तर नेमके नुकसान होते. महाकंटिका जड असल्याने लवकर खाली बसतात, तर सूक्ष्मकंटिका बराच वेळ पाण्यात तरंगत राहतात आणि वरच्या द्रवाबरोबर मोरीत जातात. ज्या कंटिकांवर कुल आणि प्रजाती ठरणार असते त्याच अशा रीतीने हरवतात आणि मग नमुन्यात सूक्ष्मकंटिका नाहीतच असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रत्येक धुण्यानंतर नळी काही तास, शक्य असल्यास रात्रभर, स्थिर ठेवावी.

शेवटची दोन धुणी अल्कोहोलने करावीत, मग गाळाचा थेंब स्लाइडवर ठेवून वाळू द्यावा आणि डीपीएक्स, म्हणजे स्लाइड कायमची बसवण्याचा पारदर्शक डिंक, लावून काचझाकण ठेवावे. प्रत्येक नमुन्यासाठी नवा ड्रॉपर वापरावा. आधीच्या नमुन्यातली एखादी कंटिका ड्रॉपरमधून पुढच्या स्लाइडवर आली, तर तिच्यामुळे संपूर्ण ओळख भलतीकडे जाऊ शकते.

अनेक जुन्या पद्धतींत उकळते नायट्रिक आम्ल सांगितलेले असते. धूर ओढून घेणारी बंदिस्त व्यवस्था नसेल तिथे ते वापरू नये. शिवाय आम्लात चुनखडी कंटिका नाहीशा होतात, म्हणून अनोळखी नमुन्यावर पहिला प्रयोग ब्लीचचाच करावा. धुतलेल्या कंटिकांवर व्हिनेगरचा थेंब टाकल्यास चुनखडी कंटिकांतून बुडबुडे येतात आणि सिलिकाच्या कंटिका तशाच राहतात. मात्र ब्लीच पूर्ण निघून जाईपर्यंत त्यात व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. विद्यार्थ्यांना हे काम देताना शिक्षकांनी स्वतः जवळ उभे राहावे.

एवढ्यावर स्लाइडचे काम संपत नाही. विरघळवलेल्या नमुन्यातून कंटिकांचे प्रकार कळतात, परंतु त्या शरीरात कुठे आणि कशा रचलेल्या होत्या हे कळत नाही. त्यासाठी अल्कोहोलमधला तुकडा नव्या ब्लेडने पृष्ठभागाला काटकोनात पातळ कापावा, वाळवावा आणि डीपीएक्समध्ये बसवावा. वरच्या थरात कोणत्या कंटिका आहेत, आतल्या कंटिका जुड्यांनी उभ्या राहतात की जाळी करतात, त्यांना बांधणारे स्पाँजिन, म्हणजे स्पंजाचे तंतुमय प्रथिन, किती आहे, हे या कापातच दिसते. नवशिके ही स्लाइड टाळतात, आणि पुढे वर्णन वाचताना नेमका तिचाच अभाव त्यांना अडवतो.

चौथी पायरी : मोजमाप

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेत बसणारी मोजपट्टी आणि स्टेज मायक्रोमीटर या दोन वस्तू महाविद्यालयाने घेतल्याच पाहिजेत. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेले असतात आणि प्रत्येक भाग दहा मायक्रॉनचा असतो. त्यावरून प्रत्येक भिंगासाठी नेत्रिकेतील एका भागाचे मोल काढून भिंतीवर लिहून ठेवावे. प्रत्येक प्रकारच्या निदान तीस कंटिकांची लांबी आणि जाडी मोजावी आणि किमान, सरासरी व कमाल अशी तिन्ही मूल्ये द्यावीत. तुटलेल्या कंटिका लांबीच्या मोजमापात घेऊ नयेत. सूक्ष्मकंटिका अनेकदा काही दहा मायक्रॉनच्याच असतात, म्हणून त्यांच्यासाठी शंभरपटीचे तेलभिंग लागते. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा सूक्ष्मदर्शक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवण्याची काळजी जून लागण्यापूर्वीच घ्यावी. कंटिकांच्या पृष्ठभागावरचे बारीक काटे पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो मोठ्या शहरातल्या संस्थांत शुल्क भरून वापरता येतो, परंतु प्रकाश सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्ण झाल्यावरच तिकडे जावे.

तलावातला नमुना युनॅपियस कार्टेरी या भारतात दूरवर आढळणाऱ्या जातीचा निघाला, तर दोन्ही टोकांना निमुळत्या, गुळगुळीत महाकंटिका दिसतील आणि सूक्ष्मकंटिका मुळीच मिळणार नाहीत, कारण या प्रजातीत त्या नसतातच. एफिडेशिया मेयेनीसारख्या जातीत मात्र जेम्यूलभोवती दोन्ही टोकांना दातेरी चकत्या असलेल्या आखूड कंटिका दिसतात. त्यांचे चित्र वहीत नीट काढून ठेवावे, कारण पुढे त्याच आकाराशी पुन्हा गाठ पडणार आहे.

पाचवी पायरी : खोल समुद्राचा नमुना हाती घेणे

दोनशे मीटरपेक्षा खोल पाण्याला सामान्यतः खोल समुद्र म्हणतात. तिथला नमुना आपल्यापर्यंत बहुधा तुटक्या अवस्थेत येतो. काचस्पंजाचे शरीर ठिसूळ असते, ड्रेजमध्ये ते चिरडते आणि शेजारच्या दुसऱ्या स्पंजांच्या कंटिका त्यात शिरतात. म्हणून एखाद्या प्रकारची एकच कंटिका दिसली तर ती परकी समजावी आणि शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून केलेल्या अनेक स्लाइडवर ती सातत्याने दिसली तरच आपली मानावी. काचस्पंजात काही कंटिका सेंटिमीटरांच्या मापाच्या असतात. त्या आधी चिमट्याने वेगळ्या काढून मोजाव्यात आणि मग उरलेला भाग ब्लीचमध्ये टाकावा.

आता प्रश्न क्रमाने विचारावेत. सहा भुजांच्या, किंवा भुजा कमी होऊनही मध्यभागी काटकोनात छेदणाऱ्या अक्षांची खूण राखलेल्या कंटिका आहेत काय? असल्यास वर्ग हेक्झॅक्टिनेलिडा. मग त्यांच्या सूक्ष्मकंटिका पाहाव्यात. सहा भुजा टोकाशी फाटून अनेक किरण झालेले हेक्झॅस्टर असतील तर उपवर्ग हेक्झॅस्टरोफोरा. सरळ दांड्याच्या दोन्ही टोकांना उघडलेल्या छत्र्या लावाव्यात तसे दिसणारे अँफिडिस्क असतील तर उपवर्ग अँफिडिस्कोफोरा. तीन आखूड आणि एक लांब भुजा असलेल्या ट्रायीन कंटिका मिळाल्या तर नमुना डेमोस्पाँजियातला असून टेट्रॅक्टिनेलिडा या गणाकडे, म्हणजे ऑर्डरकडे, वळावे. टोकांना आकड्यांसारखे वळलेले दात असलेल्या कीला नावाच्या सूक्ष्मकंटिका असतील आणि त्याच वेळी देठावर उभ्या शरीरात पाणी आत घेणारी छिद्रे व नलिका दिसतच नसतील, तर क्लॅडोरायझिडी या कुलाचा विचार करावा.

या कुलाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. स्पंज पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्न खातात, असे आपण सातवी-आठवीपासून शिकतो. क्लॅडोरायझिडीतले बहुतेक स्पंज मात्र मांसाहारी आहेत. लहान कवचधारी प्राणी त्यांच्या तंतूंवरच्या कीला कंटिकांत अडकतात आणि स्पंजाच्या पेशी त्यांच्याभोवती सरकून त्यांचे पचन करतात. हे वर्तन १९९५ साली भूमध्य समुद्रातल्या एका गुहेतील स्पंजावरून प्रसिद्ध झाले, जिथे कमी खोलीवरही पाणी थंड आणि स्थिर राहत होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर ३३०० मीटरहून अधिक खोलीवर सापडलेला, उभ्या समांतर फांद्यांची रचना असलेला कोंड्रोक्लॅडिया लायरा २०१२ साली वर्णन करण्यात आला, तोही याच कुलातला. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येत बसत नाही म्हणून नमुना स्पंज नव्हेच असे ठरवू नये. कंटिका पाहाव्यात.

आता एफिडेशियाच्या त्या चित्राकडे वळू. दोन चकत्यांची तलावातली कंटिका आणि काचस्पंजाचा अँफिडिस्क दिसायला इतके सारखे आहेत की जुन्या अभ्यासकांनी दोन्हींना एकच नाव वापरले होते. तरीही त्यांचा परस्परसंबंध नाही. काचस्पंजाच्या अँफिडिस्कच्या मध्यभागी अक्षनलिका छेदतात, कारण ती मूळची सहा भुजांची कंटिका आहे, तर तलावातल्या कंटिकेत एकच सरळ अक्ष असतो. आकार सारखा दिसला की घडण तपासायची, ही सवय ज्याला तलावाच्या स्लाइडवर लागली त्याची समुद्राच्या नमुन्यावर फसगत होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

सहावी पायरी : एका जातीचा संपूर्ण मागोवा

उदाहरणासाठी हिंद महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागरात आढळणारी मोनोराफिस चुनी ही जात घेऊ. वाल्डिव्हिया या जर्मन जहाजाची खोल समुद्र मोहीम १८९८-९९ मध्ये कार्ल चुन यांच्या नेतृत्वाखाली झाली. तिच्यातील काचस्पंजांचा अभ्यास फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे यांनी केला आणि १९०४ साली या जातीचे वर्णन करून तिला चुन यांचे नाव दिले. हेच शुल्झे १८७२ ते १८७६ या काळातल्या चॅलेंजर मोहिमेच्या काचस्पंजांवरही १८८७ साली मोठा ग्रंथ लिहून चुकले होते.

समजा, आपल्यासमोर काचेची एक लांब, जाड काडी आणि तिला चिकटलेले शरीराचे काही तुकडे आहेत. तुकड्यांच्या स्लाइडवर काटकोनी अक्षांच्या कंटिका मिळाल्या, म्हणून वर्ग हेक्झॅक्टिनेलिडा. अँफिडिस्क मिळाले, म्हणून उपवर्ग अँफिडिस्कोफोरा. त्यात आज जिवंत असलेला गण एकच, अँफिडिस्कोसिडा. आता कुल ठरवताना तळाच्या आधाराकडे पाहावे. हायालोनेमा या दुसऱ्या काचस्पंजाच्या कुलात चिखलात रुतणारा आधार अनेक लांब कंटिकांच्या पिळलेल्या जुडीचा असतो. फेरोनेमाच्या कुलातही तो अनेक कंटिकांच्या झुबक्यांचा असतो. येथे मात्र एकच प्रचंड कंटिका संपूर्ण शरीर पेलते. म्हणून कुल मोनोराफिडिडी, त्यातली एकमेव प्रजाती मोनोराफिस आणि तिची एकमेव मान्य जाती चुनी. ही कंटिका तीन मीटरपर्यंत लांब आणि सुमारे एक सेंटिमीटर जाड होऊ शकते. पूर्व चीन समुद्रातून मिळालेल्या अशा एका कंटिकेच्या थरांचे रासायनिक विश्लेषण करून तिचे वय सुमारे ११ हजार वर्षे असल्याचा अंदाज २०१२ साली मांडण्यात आला. त्या अंदाजात काही हजार वर्षांचा फरक पडू शकतो हेही त्या अभ्यासकांनी नोंदवले आहे.

नुसती काडीच मिळाली आणि शरीराचे तुकडे मिळाले नाहीत, तर ओळख कुठवर न्यावी? आकारमान पाहता मोनोराफिसचीच शक्यता प्रबळ असली, तरी अँफिडिस्क पाहिलेले नसल्याने नोंदीत तसे स्पष्ट लिहावे. पुराव्याशिवाय पुढे गेल्यास काय होते याचे उदाहरण हायालोनेमाच्या इतिहासातच आहे. त्याच्या काचेच्या जुडीवर पुष्कळदा प्रवाळांच्या नात्यातले लहान प्राणी वाढतात. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३०च्या दशकात जपानकडून आलेल्या नमुन्याला हायालोनेमा हे नाव दिले, तेव्हा ती जुडी त्या प्राण्यांचीच आहे असे मानले होते. जुडी स्पंजाचीच आहे हे सिद्ध व्हायला पुढे अनेक वर्षांचा वाद व्हावा लागला.

सातवी पायरी : नाव शोधणे आणि लिहिणे

जागतिक स्पंज सूची, म्हणजे वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेस, इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तालुक्याच्या गावातल्या मोबाइल नेटवर्कवरही तिचा उपयोग होतो. तिथे प्रजाती शोधून त्यातल्या सर्व मान्य जातींची यादी काढावी. मग प्रत्येक जातीचे मूळ वर्णन मिळवावे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे बहुतेक ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत मोफत वाचता येतात, आणि त्यांतल्या चित्रपट्ट्या आजही अभ्यासाच्या आहेत. शुल्झे यांच्यासारख्यांचे लेखन जर्मनमध्ये आहे, परंतु कंटिकांची नावे आणि आकडे ओळखण्यापुरते जर्मन थोड्या प्रयत्नाने जमते. आपल्या मोजमापांचा तक्ता करून त्यात प्रत्येक जातीची मूळ मापे शेजारी लिहावीत. हा तक्ता तयार झाल्याशिवाय कोणत्याही नावावर मन बसू देऊ नये.

नावाबरोबर लेखकाचे नाव आणि वर्ष लिहितात. ते कंसात असेल तर जात मूळ ज्या प्रजातीत वर्णन झाली होती तीतून पुढे हलवली गेली आहे, असा त्याचा अर्थ होतो. युनॅपियस कार्टेरीनंतर बॉवरबँक आणि १८६३ हे कंसात येतात, कारण बॉवरबँक यांनी तिला स्पाँजिला या प्रजातीत ठेवले होते. मोनोराफिस चुनीनंतर शुल्झे आणि १९०४ कंसाशिवाय येतात. वहीत आणि चिठ्ठीवर शास्त्रीय नाव रोमन लिपीतच लिहावे, कारण प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेला तीच लिपी मान्य आहे.

जाती निश्चित झाली नाही तर प्रजातीचे नाव लिहून पुढे ‘एसपी.’ हे संक्षेपचिन्ह लावावे. एखाद्या ज्ञात जातीशी बरेच जुळते, पण तुलना अपुरी आहे, असे असेल तर ‘सीएफ.’ वापरावे. माझ्या मते नवशिक्याच्या वहीत अशी अपूर्ण नावे जितकी जास्त, तितका त्याच्या पूर्ण नावांवर विश्वास ठेवता येतो. केवळ पाणबुडीने काढलेले चित्रीकरण पाहून ओळख करायची असेल, तर बहुतेक वेळा कुलापाशी किंवा प्रजातीपाशी थांबावे लागते.

डीएनएचा उपयोग होतो, परंतु तो कंटिकांच्या अभ्यासाच्या जोडीने. स्पंजांत सीओआय हे जनुक इतके सावकाश बदलते की जवळच्या जाती त्यावरून वेगळ्या पडतीलच असे नाही, म्हणून २८एस यांसारखे दुसरे भागही तपासावे लागतात. स्पंजाच्या शरीरात इतर जीव पुष्कळ असल्याने त्यांचाच डीएनए हाती येण्याचा धोकाही असतो.

आठवी पायरी : नमुन्यापर्यंत पोहोचणे आणि तो सुपूर्द करणे

भारतात खोल समुद्राचे नमुने कोची येथील सागरी सजीव संपदा व परिसंस्था केंद्र, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोलकात्याला मुख्यालय असलेले भारतीय प्राणी सर्वेक्षण यांच्याकडे असतात. सर्वेक्षणाचे एक प्रादेशिक केंद्र पुण्यातही आहे. विद्यार्थ्याने महाविद्यालयामार्फत उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करावा आणि अर्जासोबत आपल्या तलावातल्या स्पंजांच्या स्लाइडची छायाचित्रे, मोजमापांचे तक्ते आणि नोंदवहीची पाने जोडावीत. स्वच्छ स्लाइड करता येणारा विद्यार्थी कोणत्याही स्पंज अभ्यासकाला हवाच असतो, आणि गोंदिया-गडचिरोलीतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांची नीट नोंद हेच मुळात मोलाचे काम आहे.

नमुना कोणत्याच ज्ञात जातीशी जुळत नसेल, तर प्रथम त्या गटावर काम करणाऱ्या तज्ज्ञाला संपूर्ण तक्ता दाखवावा आणि जवळच्या जातींच्या प्ररूप नमुन्यांशी, म्हणजे ज्या नमुन्यांवरून ती नावे दिली गेली त्यांच्याशी, तुलना करावी. नवी जात जाहीर करताना एक नमुना होलोटाइप म्हणून निश्चित करावा लागतो. त्याचे स्थान, खोली, दिनांक, संग्राहक आणि संग्रहालयाचा क्रमांक द्यावा लागतो, तसेच इतर जातींपासून ती कशी वेगळी आहे ते शब्दांत मांडावे लागते. वर्णन केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आवश्यक असते. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीचा नमुना शासनाने नेमलेल्या भांडारात जमा करावा लागतो, आणि प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे भांडार आहे. परदेशी सहकाऱ्याकडे तुकडा पाठवायचा असल्यास टपालखर्चाचा विचार करण्याआधी त्या कायद्याखालील परवानगीची विचारणा करावी.

ओळखीचा नमुना असला तरी तोही जमा करावा. बाटलीवर, कंटिकांच्या स्लाइडवर, कापाच्या स्लाइडवर आणि डीएनएसाठी काढलेल्या तुकड्यावर एकच क्रमांक घालावा, आणि तो क्रमांक पाळीवर बसून लिहिलेल्या किंवा जहाजावरून आलेल्या मूळ नोंदीशी जुळतो की नाही हे सुपूर्द करण्यापूर्वी दोन जणांनी मिळून तपासावे.